कंदीलमाशांच्या थराला जाळे लागण्यापूर्वी

भारताच्या सागरी हद्दीत खोल पाण्यातल्या कंदीलमाशांची औद्योगिक मासेमारी सुरू होऊ द्यावी की नाही, हा प्रश्न अजून कोणत्याही निवडणुकीत कोणी विचारलेला नाही. तो विचारला जाण्याची वाट न पाहता त्याचे उत्तर आत्ताच ‘नाही’ असे ठरवून टाकावे, आणि ते ठरवण्यात किनाऱ्यावरच्या माणसांइतकाच विदर्भाच्या खेड्यांतल्या माणसांचाही वाटा असावा, असे माझे मत आहे. भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात राहणाऱ्या माणसाने अरबी समुद्राच्या पोटातल्या बोटभर माशाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु १९७६ च्या ज्या कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातली संपत्ती देशाची झाली, त्या कायद्याने ती किनारी जिल्ह्यांच्या नावे लिहून दिलेली नाही. साकोलीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या ग्रामसभेत बसणाऱ्या बाईचा त्या पाण्यावर रत्नागिरीच्या ट्रॉलरमालकाइतकाच हक्क आहे, आणि हक्क असेल तर राखणही करावी लागते.

प्रथम हा मासा कोण ते नीट समजून घ्यायला हवे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्या जगण्याच्या रीतीवर उभा आहे. कंदीलमासा ही एकच जात नव्हे. शास्त्रज्ञ ज्याला मायक्टोफिडी म्हणतात ते सुमारे २५० जातींचे हे कुळ आहे आणि ते ध्रुवाजवळच्या थंड पाण्यापासून विषुववृत्तापर्यंत सर्व महासागरांत पसरलेले आहे. बहुतेक जातींची लांबी १५ सेंटिमीटरच्या आत राहते. नमुना हातात घेतला तर आखूड बोथट तोंड, डोक्याच्या मानाने फार मोठा डोळा आणि जाळ्यात घासून सहज निघून जाणारे पातळ खवले एवढेच आधी नजरेत भरते. जरा निरखून पाहिले की पोटाच्या कडेने आणि कुशीवर बारीक गोल ठिपक्यांच्या रांगा दिसू लागतात. यातला प्रत्येक ठिपका हा प्रकाश देणारा स्वतंत्र अवयव असतो. त्याच्या तळाशी उजेड परतवणारा चकचकीत थर असतो, त्यावर उजेड निर्माण करणाऱ्या पेशी असतात आणि वरचा खवला त्या जागी जाड होऊन भिंगाचे काम करतो. खोल समुद्रातले काही मासे शरीरात जिवाणू पोसून त्यांच्या उजेडावर काम भागवतात. कंदीलमासा मात्र स्वतःच्या पेशींतल्या रासायनिक क्रियेने निळा उजेड तयार करतो. ठिपक्यांची मांडणी जातीगणिक वेगळी असल्यामुळे अभ्यासक ते ठिपके मोजून आणि त्यांच्या जागा पाहून जात ओळखतात. अनेक जातींत शेपटीच्या देठावरही उजेडाच्या ग्रंथी असतात, नराला बहुधा वरच्या बाजूला आणि मादीला खालच्या. अंधारात आपल्या जातीचा जोडीदार ओळखण्यासाठी या खुणा उपयोगी पडत असाव्यात, असे मानले जाते.

पोटावरच्या उजेडाचा मुख्य उपयोग मात्र लपण्यासाठी होतो. समुद्रात काही शे मीटर खोलीवर दिवसा वरून अगदी मंद निळा उजेड झिरपत असतो, आणि खालून वर पाहणाऱ्या शिकारी माशाला त्या निळसर छतावर प्रत्येक प्राण्याची काळी सावली दिसते. कंदीलमासा आपल्या पोटावरचे दिवे वरून येणाऱ्या उजेडाइतकेच मंद ठेवतो, त्यामुळे त्याची सावली पुसली जाते. वरचा उजेड कमीजास्त झाला की पोटाचा उजेडही त्या प्रमाणात बदलतो. काही ग्रॅम वजनाच्या प्राण्याने दर क्षणी प्रकाश मोजावा आणि त्याच्याशी आपला प्रकाश जुळवावा, ही गोष्ट मला दर वेळी वाचताना तितकीच थक्क करते.

सूर्य मावळू लागला की हे मासे वर निघतात. दिवसभर ३०० मीटरपासून हजार मीटरच्याही खाली राहणारे थवे रात्री पृष्ठभागाजवळच्या शंभर मीटरच्या पाण्यात येतात, कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव आणि इतर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी, खातात आणि पहाट फुटण्यापूर्वी पुन्हा खाली जातात. पौर्णिमेच्या सुमारास चांदणे फार असेल तर ते तितके वर येत नाहीत. कंदीलमासे, त्यांच्याबरोबर वर येणारे इतर मासे, कोळंबीसारखे जीव आणि माकुळ (स्क्विड) यांचा हा रोजचा चढउतार म्हणजे वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचे सर्वांत मोठे प्राणिस्थलांतर आहे. माणसाला त्याचा सुगावा लागला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे ध्वनिलहरी पाण्यात सोडत होते, तेव्हा तळ खूप खाली असतानाही मध्येच कुठल्याशा थरावर आपटून प्रतिध्वनी परत येऊ लागला. हा ‘खोटा तळ’ संध्याकाळी वर सरकतो आणि सकाळी खाली जातो हे १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी दाखवले, आणि मग तो तळ नसून जिवंत प्राण्यांचा थर असल्याचे स्पष्ट झाले. माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवर ध्वनी आपटत होता.

विदर्भाच्या आठवडी बाजारात समुद्राची जी ओळख होते ती सुकट आणि सुक्या बोंबलाच्या रूपाने. पावसाळ्यात कामाच्या घाईत बोंबलाचा रस्सा करून भात खाणाऱ्या घरांना हे कदाचित ठाऊक नसेल की जुन्या वर्गीकरणात बोंबील आणि कंदीलमासा हे एकाच गणात धरले जात. आता त्यांचे गण वेगळे केले आहेत, पण शेजारशेजारचेच आहेत. बोंबील उथळ पाण्यात येतो, जाळ्यात सापडतो, वाळवला जातो आणि रेल्वेने व ट्रकने आमच्यापर्यंत पोचतो. त्याचा हा दूरचा नातलग मात्र अजून आमच्या ताटात आलेला नाही, आणि पुढेही येण्याचा संभव कमी आहे.

या माशाकडे उद्योगांचे लक्ष जाते ते त्याच्या वजनामुळे. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी झालेल्या आढाव्यात जगातल्या मध्यम खोलीवरच्या माशांचे एकूण वजन सुमारे १०० कोटी टन धरले गेले. त्या माशांत कंदीलमाशांचा वाटा फार मोठा आहे. २०१४ मध्ये, स्पेनच्या मालास्पिना मोहिमेत जमवलेल्या ध्वनीच्या नोंदींवरून, तोच आकडा १००० कोटी टनांच्या घरात असावा असे मांडण्यात आले. साऱ्या जगातली सागरी मासेमारी मिळून वर्षाला सुमारे ८ कोटी टन मासळी पकडते, हे लक्षात घेतले की या आकड्यांनी गुंतवणूकदारांचे डोळे का दिपतात ते कळते.

माझी पहिली हरकत इथेच आहे. ३४ वर्षांत अंदाज दहापट वाढला तो मासे दहापट झाले म्हणून नव्हे. जुना अंदाज जाळ्यांवरून काढलेला होता, आणि कंदीलमासे जाळे येताना पाहून बाजूला सरकतात हे नंतर लक्षात आले. नवा अंदाज ध्वनीवरून काढलेला आहे, आणि ध्वनीची अडचण उलटी आहे. त्याच थरात सायफोनोफोर नावाचे जेलीसारखे प्राणी असतात. त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात वायूचा बुडबुडा असतो आणि त्यांचा प्रतिध्वनी माशासारखाच येतो. दुसरीकडे कंदीलमाशांच्या काही जातींत मोठेपणी हवेची पिशवी आक्रसते किंवा चरबीने भरते, म्हणून ते असूनही ध्वनीला नीट दिसत नाहीत. २०१९ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने या साऱ्या शक्यता हिशेबात धरल्या तेव्हा उत्तर सुमारे २०० कोटी ते १६०० कोटी टन असे निघाले. इतका रुंद आकडा हाताशी असताना त्यातून ‘दरवर्षी अमुक टन काढले तर धक्का लागणार नाही’ असे म्हणणे म्हणजे सातबारा न पाहता शेताचा सौदा करणे होय.

अरबी समुद्राची गोष्ट याहून नाजूक आहे. इथे कंदीलमाशांची एक लहान जात, बेंथोसेमा टेरोटम, प्रचंड थव्यांनी राहते. १९७० च्या दशकात ‘डॉ. फ्रित्योफ नान्सेन’ या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने उत्तर अरबी समुद्राच्या पाहण्या सुरू केल्या, आणि त्यांतून या भागात १० कोटी टन मासा असावा असा अंदाज पुढे आला. त्या काळात जगभर मिळून जितकी सागरी मासळी निघत होती त्याहूनही हा आकडा मोठा होता. अरबी समुद्राचे आणखी एक वैशिष्ट्य असे की साधारण दीडदोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत त्याच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. असा इतका जाड थर जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ट्यूनासारखे चपळ शिकारी मासे तिथे फार वेळ टिकू शकत नाहीत. बेंथोसेमा मात्र दिवसा नेमका त्याच पाण्यात जाऊन राहतो, म्हणजे प्राणवायूची टंचाई हीच त्याची आश्रयाची जागा आहे. रात्री तो वर येतो तेव्हा माकुळ, ट्यूना आणि डॉल्फिन त्याच्यावर जगतात. अरबी समुद्रातल्या जांभळ्या उडत्या माकुळाच्या पोटात तर कंदीलमाशांचे अवशेष नेहमी सापडतात. हा प्राणवायूहीन थर ओमानच्या आखातात पूर्वीपेक्षा अधिक तीव्र झाल्याचे पाण्याखालच्या स्वयंचलित ग्लायडरनी केलेल्या मोजणीतून दिसले आहे. म्हणजे ज्या घरात हा मासा राहतो त्या घराच्या भिंतीच सरकू लागल्या आहेत, आणि सरकत्या भिंतींचे माप पुरते घेतले जाण्याआधीच त्या घरात जाळे टाकण्याची भाषा होते आहे.

याला सर्वांत वजनदार उत्तर असे दिले जाते की बेंथोसेमा एक वर्षही जगत नाही, काही महिन्यांतच अंडी घालण्याच्या वयाला येतो, तेव्हा इतक्या झपाट्याने वाढणारा मासा काढला तर पुन्हा तितक्याच झपाट्याने भरून येईल. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. शंभर वर्षे जगणाऱ्या ऑरेंज रफीसारख्या खोल समुद्रातल्या माशांचा जो नाश झाला तो त्यांच्या संथ वाढीमुळे झाला, आणि बेंथोसेमाची तशी स्थिती नाही हे खरे आहे. पण एक वर्ष जगणाऱ्या माशाजवळ मागच्या वर्षांची शिल्लक नसते. यंदा घातलेल्या अंड्यांवर पुढच्या वर्षीचा सगळा साठा अवलंबून असतो, आणि ज्या वर्षी समुद्र बिघडेल त्याच वर्षी जहाजे नेहमीइतकी उपसा करत राहिली तर सावरायला मागच्या पिढ्या उरलेल्या नसतात. दुसरे असे की जाळे जात पाहून ओढले जात नाही. त्या थरात बेंथोसेमाबरोबर इतर अनेक जातींचे कंदीलमासे, चांदीसारखे चपटे हॅचेटफिश, कोळंबी आणि वरच्या पाण्यातल्या माशांची पिल्ले असतात. थंड पाण्यातल्या कंदीलमाशांच्या काही जाती चारपाच वर्षे जगतात. एका जातीच्या वेगाचा दाखला देऊन साऱ्या थराला परवानगी देता येत नाही.

आजवर हा मासा वाचला तो कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, तर धंदा परवडत नव्हता म्हणून. दक्षिण आफ्रिकेत १९७३ साली लॅम्पॅनिक्टोडीस हेक्टोरिस या जातीची ४२,००० टनांहून अधिक मासळी निघाली होती. तेलाचे प्रमाण इतके की कारखान्यांत प्रक्रिया करणे जड जाऊ लागले आणि ती मासेमारी पुढे बंद पडली. सोव्हिएत जहाजांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण महासागरात इलेक्ट्रोना कार्ल्सबर्गी या कंदीलमाशाची मासेमारी केली. ती १९९१ च्या सुमारास ७५,००० टनांच्या वर गेली आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर थांबली. राजा पेंग्विन आपल्या पिलांना भरवतो तो मुख्यतः याच कुळातल्या माशांवर. इराणने ओमानच्या आखातात प्रायोगिक मासेमारी केली, आणि अलीकडे नॉर्वेने मध्यम खोलीवरच्या मासळीसाठी प्रायोगिक परवाने दिले. बहुतेक ठिकाणी मोठा अडसर हाच होता: डिझेल, जाळे आणि प्रक्रिया यांचा खर्च मासळीच्या भावाहून जास्त. परंतु माशांच्या कुटाराचा, म्हणजे मासे वाळवून दळलेल्या भुकटीचा, भाव वाढत गेला आणि इंजिने सुधारत गेली की हा अडसर एखाद्या वर्षी निघून जाईल, आणि मग त्या वर्षी कर्जावर घेतलेल्या जहाजांचे हप्ते सुरू झाल्यावर बंदीची मागणी करणाऱ्याला ‘आमच्या पोटावर पाय देता’ असे ऐकावे लागेल. ते म्हणणे तेव्हा खरेही असेल. आज कोणाचेच पोट या माशावर अवलंबून नाही, म्हणून नाही म्हणण्याची वेळ आजच आहे.

‘गरिबाला प्रथिने मिळतील’ हे समर्थन ऐकायला फार चांगले वाटते, आणि कुपोषणाची झळ सोसणाऱ्या मेळघाट व गडचिरोलीच्या प्रदेशात राहून त्याकडे दुर्लक्ष करणे मला शोभणार नाही. म्हणूनच हा मासा जातो कुठे ते पाहिले पाहिजे. कंदीलमाशांच्या अनेक जातींच्या शरीरात मेणासारखी स्निग्धद्रव्ये असतात आणि ती माणसाला पचत नाहीत. आकार लहान, मांस मऊ, बाहेर काढल्यावर नासण्याची घाई. त्यामुळे व्यापारी हिशेबात त्याचे दोनच उपयोग उरतात, कुटार आणि तेल. जगात आजही दीड कोटी टनांहून अधिक मासळी दरवर्षी कुटार आणि तेलासाठी दळली जाते. एक किलो कुटाराला चारपाच किलो ओली मासळी लागते. हे कुटार कोळंबीच्या आणि माशांच्या खाद्यात जाते, आणि ती कोळंबी बहुतांशी निर्यात होते. चिखलदऱ्याच्या अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटापर्यंत त्यातले काही पोचत नाही. कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यावर तारलीसारखी माणसांनी खाण्याजोगी स्वस्त मासळी कुटाराच्या कारखान्यांत जाते, हे आपण पाहतोच आहोत. कंदीलमासा मिळू लागला तर तारली वाचेल असे सांगितले जाते; माझा अंदाज उलटा आहे. कारखान्याला दोन्ही मिळाली तर तो दोन्ही दळेल.

खाद्याच्या या बाजारात विदर्भ आधीच उभा आहे. आमच्याकडे शेततळ्यात किंवा गावतलावात मासे वाढवणारा शेतकरी जी खाद्याची गोणी फोडतो, तिच्यातल्या भुऱ्या गोळ्या पाण्यावर तरंगू लागल्या की माशांच्या कुटाराचा तो उग्र वास हाताला लागतो. त्याच गोळ्यांत सोयाबीनची पेंडही असते. वाशिम, यवतमाळ, अमरावती, बुलडाण्याचे सोयाबीन तेल काढल्यावर पेंड होऊन कोंबड्यांच्या, माशांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अनेक बाजार समित्यांत माल त्याहून बऱ्याच कमी भावाने गेला, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सोयापेंड माशांच्या कुटाराची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, कारण तिच्यात मेथिओनिनसारखी काही अमिनो आम्ले कमी पडतात. तरीही खाद्य बनवणारा दोन्हींचे भाव समोर ठेवूनच मिश्रण ठरवतो. समुद्रातून फुकट उचललेल्या प्रथिनांचा लोंढा बाजारात आला तर त्याचा दाब कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेंडीवर थोडाफार येईल. हा माझा मुख्य मुद्दा नव्हे, आणि केवळ आपला भाव राखण्यासाठी मासा वाचवा असे मी म्हणणार नाही. खोल समुद्राचा प्रश्न आपल्या बांधापर्यंत येऊन पोचलेला आहे, एवढेच दाखवायचे होते.

हवामानाविषयी बोलताना मला जास्त जपून बोलावेसे वाटते, कारण एका माशावरून पावसाच्या खंडाचा हिशेब मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे पक्के ठाऊक आहे ते असे. माणूस दरवर्षी जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा महासागर शोषून घेतात. पृष्ठभागाजवळचे वनस्पतिप्लवक आपल्या वाढीसाठी कार्बन वापरतात, प्राणिप्लवक त्यांना खातात आणि कंदीलमासे रात्री वर येऊन प्राणिप्लवकांना खातात. मग ते शेकडो मीटर खाली उतरतात, तिथे श्वास घेतात, विष्ठा टाकतात आणि स्वतःही खाल्ले जातात. अशा रीतीने कार्बन ज्या पाण्यात पोचतो ते पाणी पुन्हा वर यायला दशके, कधी शतके लागतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने वरच्या थरातून खाली जाणाऱ्या कार्बनमध्ये सर्व माशांचा वाटा सरासरी १६ टक्के धरला, मात्र त्या आकड्याभोवतीची अनिश्चितताही जवळजवळ तेवढीच होती. वाटा त्याहून निम्मा निघाला तरी हे काम कोणत्याही यंत्राशिवाय, कोणत्याही अनुदानाशिवाय रोज रात्री होते आहे. कापसाची दुबार पेरणी करावी लागलेल्या माणसाला हवेतल्या कार्बनचे ओझे दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पूर्व विदर्भाजवळ या प्रश्नावर बोलण्यासाठी आणखी एक अधिकार आहे, आणि तो अनुभवाचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले तलाव, आहेत. कोहळी समाजाच्या माणसांनी जमिनीचा उतार पाहून ते बांधले, आणि ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांत मासेमारी केली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या ताब्यात आले. पुढे उत्पादन वाढवण्यासाठी त्यांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत पडली. वजन वाढले, हिशेबाच्या वहीत आकडे चांगले दिसले. तलावातल्या पाणवनस्पती मात्र कमी होत गेल्या, त्यांत अंडी घालणारे मरळ आणि इतर देशी मासे विरळ झाले, पाणपक्ष्यांचे खाद्य घटले आणि काठाकाठाने बेशरमीची झाडे माजली. ढिवर बायांना विचारले असते तर कोणती वनस्पती कुठल्या माशाचे घर आहे हे त्यांनी तलावाच्या पारीवर (बांधावर) उभ्या राहूनच सांगितले असते; त्यांना कोणी विचारले नाही. नंतर काही गावांतल्या मच्छीमार संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावून काही तलाव सावरले, आणि हे काम अजून सुरू आहे. गुडघाभर चिखलात उतरून तलाव सावरता येतो. ५०० मीटर खोलीवरच्या थरात कोणाला उतरता येणार नाही, आणि तिथे काय बिघडले ते सांगणारा ढिवरही नाही. तलावाच्या बाबतीत झालेली चूक दुरुस्त करण्याची जी संधी आपल्याला मिळाली, ती समुद्राच्या बाबतीत मिळणार नाही हे गृहीत धरूनच निर्णय घेतला पाहिजे.

निर्णय घेण्याचे स्थान आता उपलब्ध झालेले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे त्याच दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातल्या, मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांत यांत्रिक नौकांना प्रवेशपरवाना आवश्यक केला आहे, सहकारी संस्थांना प्राधान्य दिले आहे आणि एलईडी दिव्यांची मासेमारी व जोडीने ओढायची ट्रॉल जाळी यांवर बंदी आहे. या बंदीसाठी कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. याच नियमांखाली मासळी व्यवस्थापनाचे आराखडे व्हायचे आहेत. त्या आराखड्यांत कंदीलमासे आणि मध्यम खोलीवरचे इतर लहान मासे यांना उद्देशून कोणतीही मासेमारी करता येणार नाही, असे एक स्पष्ट कलम असावे. केरळच्या पुढे खोल पाण्यातल्या कोळंबीच्या जाळ्यांत कंदीलमासे आजही आपसूक येतात. त्यांची जातवार नोंद बंदरावर झाली पाहिजे, म्हणजे ‘चुकून आले’ या नावाखाली नवा धंदा उभा राहणार नाही. असे कलम अव्यवहार्य आहे म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण तयार आहे. अमेरिकेने आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढच्या पाण्यात २०१६ मध्ये कंदीलमाशांसह अनेक लहान खाद्यमाशांची नवी मासेमारी, पुरेशी शास्त्रीय माहिती पुढे आल्याखेरीज सुरू करण्यास मनाई केली. तिथेही तेव्हा ती मासेमारी अस्तित्वात नव्हती, आणि म्हणूनच विरोध फारसा झाला नाही.

बंदी म्हणजे अभ्यासालाही बंदी नव्हे. उलट अभ्यासाला पैसा हवा. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपये ठरवले गेले. तिची बरीचशी चर्चा माणसाला ६,००० मीटर खाली नेणाऱ्या ‘मत्स्य’ या पाणबुडीविषयी आणि तळावरच्या धातूंच्या गोळ्यांविषयी होते. त्याच मोहिमेत खोल समुद्रातल्या जैवविविधतेचेही काम आहे, आणि कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राकडे ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज १९८० च्या दशकापासूनच्या अनुभवासह आहे. कंदीलमाशांच्या थराची ऋतूंनुसार मोजणी, प्राणवायूहीन पाण्याचे वर्षागणिक माप आणि माकुळ-ट्यूनांच्या पोटातल्या अवशेषांची तपासणी हे काम धातूच्या गोळ्यांच्या मागे पडता कामा नये. दोनशे मैलांपलीकडच्या पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या यादीत ट्यूना आणि त्याच्यासारखे मासे आहेत, कंदीलमासे नाहीत. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेच्या करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आहे, पण आपल्या हद्दीत जे केले नाही ते हद्दीपलीकडे इतरांनी करावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

विदर्भातून लोकसभेत १० खासदार जातात. त्यांपैकी एकाच्याही मतदारसंघाला समुद्र लागत नाही, एकाच्याही मागे ट्रॉलरमालकांची किंवा कुटाराच्या कारखान्यांची फळी उभी नाही. किनाऱ्यावरचा खासदार या विषयावर बोलला तर त्याला आपल्या मतदारांचे आजचे हित आणि समुद्राचे उद्याचे हित यांत ओढाताण सोसावी लागेल. आमच्या खासदारांना ती नाही. त्यांनी संसदेत लेखी प्रश्न विचारावेत, आणि ग्रामसभांनी ठराव करून ते त्यांच्याकडून विचारून घ्यावेत. कंदीलमाशांच्या औद्योगिक मासेमारीसाठी सरकारकडे प्रस्ताव आले आहेत काय, आले असल्यास कोणाचे? अरबी समुद्रातल्या या साठ्याची शेवटची मोजणी कोणत्या वर्षी झाली आणि तिचा अहवाल लोकांसाठी खुला आहे काय? व्यवस्थापनाच्या आराखड्यात या माशांना वगळण्याचे कलम घालणार काय, आणि घालणार नसल्यास कोणत्या आकड्याच्या आधारावर?